कन्सोल-निर्मात्यांची स्पर्धा आणि अखंड सेवेचे धोरण (१९८३–२०२५)

वस्तू विकणे आणि सेवा पुरविणे हे व्यापाराचे दोन भिन्न प्रकार होत. वस्तूचा व्यवहार मोल चुकते झाले की संपतो. सेवेचा व्यवहार दोन्ही पक्षांची इच्छा व ऐपत असेपर्यंत चालू राहतो. व्हिडिओ गेमच्या धंद्यात गेल्या चार दशकांत पहिल्या प्रकाराचे दुसऱ्यात क्रमाक्रमाने रूपांतर होत गेले. ह्या रूपांतराच्या शेवटच्या अवस्थेस आज 'लाइव्ह सर्व्हिस' असे नाव आहे. ह्या पद्धतीत खेळ एकदा पुरा करून विकला जात नाही. तो कंपनीच्या सर्व्हरवर वर्षानुवर्षे चालता ठेवला जातो, त्यात ठराविक काळाने नवी भर घातली जाते, आणि उत्पन्न मूळ किमतीपेक्षा वारंवार होणाऱ्या लहान खरेदीतून येते.

कन्सोल बनविणाऱ्या कंपन्यांच्या चढाओढीत लाइव्ह सर्व्हिस हे एक नवे शस्त्र आहे, असे सामान्यतः मानले जाते. हे मत सर्वस्वी चूक नाही. परंतु ते अपुरे आहे. घटनाक्रम काळजीपूर्वक पाहिला असता असे दिसून येते की, ज्या हेतूने कन्सोल-निर्मात्यांनी सेवेचा मार्ग धरला त्याच हेतूच्या मुळावर ही सेवा आली. प्रस्तुत लेखात ह्या विसंगतीचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

१

कन्सोलच्या धंद्याचे मर्म यंत्राच्या किमतीत नसून यंत्रावर चालणाऱ्या खेळांवरील वसुलीत आहे. यंत्र अल्प नफ्याने, प्रसंगी तोट्यानेही, घराघरांत पोहोचवावे आणि पुढे त्यावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळामागे शुल्क घ्यावे, अशी ही रीत आहे. जुन्या शहरांच्या वेशीवर जकातनाका असे. आत येणाऱ्या प्रत्येक गाडीस तेथे थांबावे लागे. कन्सोल हा असाच एक नाका होय.

हा नाका आरंभापासून नव्हता. अटारीच्या २६०० ह्या यंत्रास असे कुलूप नसल्यामुळे कोणत्याही कंपनीस त्यासाठी कॅसेट बनविता येई. १९७९ साली स्थापन झालेली ॲक्टिव्हिजन ही त्या मार्गाने गेलेली पहिली कंपनी. तिच्यामागून अनेकजण आले, निकृष्ट खेळांनी दुकाने भरली आणि १९८३ मध्ये अमेरिकेतील बाजार कोसळला. ह्या पडझडीतून निन्टेन्डोने धडा घेतला. १९८५ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या तिच्या यंत्रात एक कुलूप-चिप बसविलेली होती. कंपनीची संमती नसलेली कॅसेट त्यात चालत नसे. परवानाधारकास वर्षाला पाचच खेळ काढता येत, कॅसेटचे उत्पादनही निन्टेन्डोकडूनच करून घ्यावे लागे. ग्राहकाच्या दृष्टीने ही गुणवत्तेची हमी होती. निर्मात्याच्या दृष्टीने ती जकात होती. पुढे सेगा, सोनी आणि मायक्रोसॉफ्ट ह्यांनी ह्या रचनेत अनेक फेरफार केले, परंतु नाका कोणीही मोडला नाही.

२

खेळ तारेवरून वा आकाशातून घरात पोहोचविण्याची कल्पना मात्र नाक्याइतकीच जुनी आहे. १९८३ मध्ये गेमलाइन ह्या सेवेने टेलिफोनच्या तारेवरून अटारीच्या यंत्रात खेळ उतरविण्याचा प्रयोग केला. तो फसला, परंतु ती चालविणाऱ्या मंडळींपैकी काहींनी पुढे जो उद्योग उभारला त्यातूनच अमेरिका ऑनलाइन ही कंपनी उदयास आली. १९८८ मध्ये निन्टेन्डोने जपानात आपल्या यंत्रास मोडेम जोडून शेअर-बाजाराचे व्यवहार करण्याची सोय केली. डिसेंबर १९९४ मध्ये सेगाने अमेरिकेत केबलवरून खेळ पुरविणारी सेगा चॅनल ही मासिक वर्गणीची सेवा काढली.

ह्या प्रयोगांत निन्टेन्डोची सॅटेलाव्ह्यू ही सेवा विशेष लक्षणीय आहे. एप्रिल १९९५ ते जून २००० ह्या काळात सेंट गिगा ह्या उपग्रह-प्रसारण कंपनीच्या साह्याने ती जपानात चालू होती. तिच्यावरील काही खेळ ठराविक वाराला ठराविक वेळीच खेळता येत, कारण त्यांतील निवेदन त्याच वेळी ध्वनिरूपाने प्रसारित होत असे. वेळ टळली की खेळही टळला. ग्राहकाने आपल्या सोयीने वस्तू वापरावी ह्याऐवजी कंपनीच्या वेळापत्रकाने हजर राहावे, हे लाइव्ह सर्व्हिसचे प्रधान लक्षण येथे प्रथम स्पष्ट दिसते.

सेगाचा अनुभव ह्याहून बोधप्रद आहे. १९९८ च्या नोव्हेंबरात जपानात आलेल्या ड्रीमकास्ट ह्या यंत्रात मोडेमची सोय होती. अध्यक्ष इसाओ ओकावा ह्यांचा भर दूरसंपर्कावर होता. डिसेंबर २००० मध्ये 'फँटसी स्टार ऑनलाइन' हा खेळ आला. वेगवेगळ्या देशांतील चार खेळाडूंना त्यात एकत्र खेळता येई. परंतु अवघ्या दीड महिन्याने, ३१ जानेवारी २००१ रोजी, सेगाने ड्रीमकास्टचे उत्पादन बंद करीत असल्याचे जाहीर केले. यंत्र मेले, खेळ जगला. तो २००२ मध्ये निन्टेन्डोच्या आणि २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या यंत्रावर गेला. ज्या सेवेने यंत्र तारावे अशी अपेक्षा होती तिने प्रतिस्पर्ध्यांच्या घरी आसरा घेतला. पुढे जे मोठ्या प्रमाणावर घडावयाचे होते त्याची ही लहान आवृत्तीच म्हणावी लागते.

३

१५ नोव्हेंबर २००२ रोजी मायक्रोसॉफ्टने अमेरिकेत एक्सबॉक्स लाइव्ह सुरू केले. त्याच वर्षी सोनीनेही प्लेस्टेशन २ साठी जोडणीचे उपकरण अमेरिकेत विक्रीस आणले होते. दोहोंतील भेद तांत्रिक असण्यापेक्षा राजकीय होता. सोनीने सर्व्हर चालविण्याचे काम ज्या त्या प्रकाशकाकडे सोपविले. मायक्रोसॉफ्टने सर्व खेळांसाठी एकच ओळखनाव, एकच मित्रयादी आणि एकच वर्गणी ठेवली. खेळाडू हा आता एखाद्या खेळाचा ग्राहक न राहता एका संस्थेचा सभासद झाला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही मोठी प्रकाशन-संस्था २००४ पर्यंत ह्या व्यवस्थेबाहेर राहिली. ग्राहक कोणाचा, हाच त्या वादाचा गाभा होता.

कालांतराने सोनीलाही मायक्रोसॉफ्टचा मार्ग पत्करावा लागला. २००६ च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन नेटवर्क आले. ते विनामूल्य होते. एप्रिल २०११ मध्ये त्यावर सायबर हल्ला झाला, सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली आणि सेवा तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद पडली. यंत्र धडधाकट असूनही त्याचा अर्धा उपयोग नाहीसा होऊ शकतो, हे ह्या प्रसंगाने प्रथमच कोट्यवधी घरांत जाणवले. २०१३ च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन ४ आल्यानंतर इतरांशी ऑनलाइन खेळण्यासाठी तेथेही वर्गणी सुरू झाली. केवळ विनामूल्य खेळ त्यातून वगळण्यात आले. त्या वेळी किरकोळ वाटलेला हा अपवाद पुढे नियमापेक्षा बलवान ठरला.

ह्याच सुमारास लहान खरेदीची सवयही रुजली. एप्रिल २००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' ह्या खेळातील घोड्यासाठी चिलखत अडीच डॉलरांस विक्रीस आले, तेव्हा त्याची थट्टा झाली. परंतु आधीच विकत घेतलेल्या खेळाच्या आत दुकान मांडता येते, हे त्या चिलखताने दाखवून दिले. सप्टेंबर २०१४ मध्ये आलेल्या 'डेस्टिनी'ने खेळाची रचनाच दर आठवड्यास परतून येणाऱ्या खेळाडूभोवती केली.

४

सप्टेंबर २०१७ मध्ये एपिक गेम्सच्या 'फोर्टनाइट'चा विनामूल्य प्रकार आला आणि नाक्याच्या इतिहासास कलाटणी मिळाली. ह्या खेळाचे बळ त्याच्या गर्दीत होते. लाइव्ह सर्व्हिसला गर्दी लागते, कारण समोर पुरेसे खेळाडू नसतील तर खेळ मांडलाच जात नाही. शिवाय खेळाडूस कोणाबरोबरही नव्हे तर आपल्या मित्रांबरोबर खेळावयाचे असते, आणि मित्राच्या घरी कोणत्या कंपनीचे यंत्र आहे ह्यावर त्याची सत्ता नसते. म्हणजे नाका जितका कडक, तितकी गर्दी लहान. आणि गर्दी जितकी लहान, तितकी सेवा दुर्बळ.

ह्यापूर्वी नाके ओलांडले गेलेच नव्हते असे नाही. 'फायनल फँटसी ११' ह्या खेळात २००६ पासून प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स ३६० आणि संगणक ह्यांवरील खेळाडू एकाच जगात वावरत होते. परंतु तो अपवाद होता. सप्टेंबर २०१७ मध्ये 'फोर्टनाइट'मध्ये प्लेस्टेशनवरील आणि एक्सबॉक्सवरील खेळाडू काही काळ एकमेकांस भेटले. एपिकने मांडणीतील चूक असे सांगून ती वाट लगेच बंद केली. ह्यावरून एक गोष्ट उघड झाली: अडथळा यंत्रविद्येचा नसून धोरणाचा होता. जून २०१८ मध्ये हा खेळ निन्टेन्डोच्या स्विचवर आला, तेव्हा प्लेस्टेशनवर वापरलेले खाते तेथे चालेना. खेळाडूंच्या तीव्र नाराजीनंतर २६ सप्टेंबर २०१८ रोजी सोनीने आपली वेस उघडली. ती फुकट उघडली नव्हती. २०२१ मध्ये एपिक आणि ॲपल ह्यांच्यातील खटल्यात उघड झालेल्या कागदपत्रांनुसार, प्लेस्टेशनच्या खेळाडूंचा खर्च अन्य यंत्रांकडे अधिक वळल्यास प्रकाशकाने सोनीस भरपाई द्यावी, अशी अट होती. २०२० ते २०२२ ह्या काळात सोनीने एपिकमध्ये तीन वेळा भांडवल गुंतविले. त्यांतील अखेरची रक्कम १०० कोटी डॉलर होती. नाकेदाराने वाटसरूच्या धंद्यात भागी घेतली.

५

ह्या नव्या परिस्थितीस मायक्रोसॉफ्ट आणि सोनी ह्यांनी दिलेली उत्तरे वेगळी, परंतु सारखीच खर्चिक होती.

मायक्रोसॉफ्टने जून २०१७ मध्ये गेम पास ही वर्गणी काढली आणि पुढील वर्षापासून आपले खेळ प्रकाशनाच्या दिवशीच त्यात देण्यास आरंभ केला. त्यासाठी खेळांचा साठा हवा, म्हणून २०२१ मध्ये झेनिमॅक्स ७५० कोटी डॉलरांस आणि १३ ऑक्टोबर २०२३ रोजी ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ६,८७० कोटी डॉलरांस विकत घेण्यात आली. ह्या दुसऱ्या व्यवहारास अमेरिकेच्या व ब्रिटनच्या नियामकांनी केलेला विरोध बऱ्याच अंशी 'कॉल ऑफ ड्यूटी' ह्या एका मालिकेभोवती फिरत होता. हा वाद मिटविताना मायक्रोसॉफ्टने ती मालिका प्रतिस्पर्ध्यांना दहा वर्षे देण्याचे करार केले. म्हणजे व्हिडिओ गेमच्या धंद्याच्या इतिहासातील सर्वांत महाग खरेदी करताना खरेदीदारास आपला माल शत्रूच्याही दुकानात ठेवण्याचे वचन द्यावे लागले.

सोनीची अडचण निराळी होती. तिची कीर्ती एकट्याने खेळावयाच्या भव्य कथाखेळांवर उभी होती आणि त्यांचा खर्च अफाट वाढला होता. २०२३ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात सादर झालेल्या कागदपत्रांवरून 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागास सुमारे २२ कोटी डॉलर लागल्याचे बाहेर आले. असा खेळ एकदा विकला जातो. पुढील खेळास पुन्हा तितकाच खर्च आणि अनेक वर्षे लागतात. अखंड उत्पन्नाचा मोह अशा वेळी समजण्याजोगा आहे. २०२२ मध्ये सोनीने मार्च २०२६ पर्यंत लाइव्ह सर्व्हिसचे बारा खेळ काढण्याचा मनोदय जाहीर केला आणि 'डेस्टिनी'चा निर्माता बंजी हा स्टुडिओ ३६० कोटी डॉलरांस घेतला. हाच बंजी २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतला होता आणि त्याच्या 'हेलो'वर एक्सबॉक्सचा पाया घातला गेला होता. मात्र ह्या वेळी त्याचे खेळ सर्व यंत्रांवर चालू राहतील, हे आरंभीच मान्य करण्यात आले.

बारांचा संकल्प टिकला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो सहांवर आला. डिसेंबर २०२३ मध्ये नॉटी डॉग ह्या स्टुडिओने 'द लास्ट ऑफ अस'चा ऑनलाइन खेळ रद्द केला. असा खेळ चालू ठेवण्यासाठी सारी मनुष्यशक्ती पुढील अनेक वर्षे त्यातच गुंतवावी लागेल आणि कथाखेळ मागे पडतील, असे कारण देण्यात आले. २३ ऑगस्ट २०२४ रोजी आलेला 'कॉन्कॉर्ड' ६ सप्टेंबर रोजी, अवघ्या दोन आठवड्यांत, बंद झाला. ग्राहकांस पैसे परत मिळाले आणि ऑक्टोबरात तो घडविणारा फायरवॉक स्टुडिओही बंद करण्यात आला. बंजीमध्ये जुलै २०२४ मध्ये २२० जणांस काढून टाकण्यात आले. अखंड सेवेच्या नावाने उभारलेल्या योजनांत सर्वांत अनिश्चित ठरली ती सेवा घडविणाऱ्यांची नोकरी, ही गोष्ट इतिहासकाराने नजरेआड करता कामा नये.

ह्या अपयशाचे कारण केवळ खेळांच्या दर्जात शोधणे योग्य होणार नाही. कथाखेळ घेणारा ग्राहक एक संपवून दुसरा घेतो. म्हणून दोन चांगले खेळ एकाच वर्षी विकले जाऊ शकतात. लाइव्ह सर्व्हिस मात्र ग्राहकाचा वेळ मागते, आणि दिवसाचे तास कोणत्याही भांडवलाने वाढत नाहीत. 'कॉन्कॉर्ड'ची लढत त्या महिन्यात आलेल्या खेळांशी नव्हती. सात-आठ वर्षे ज्यात मित्र, सवयी व खरेदी गुंतली आहे अशा जुन्या खेळांशी होती.

सोनीला जे यश मिळाले तेही ह्याच दिशेने बोट दाखविते. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्टॉकहोमच्या ॲरोहेड ह्या स्टुडिओचा 'हेलडायव्हर्स २' प्लेस्टेशन ५ आणि संगणक ह्यांवर एकाच दिवशी आला आणि बारा आठवड्यांत त्याच्या १ कोटी २० लाख प्रती खपल्या. मे महिन्यात सोनीने संगणकावरील खेळाडूंसही प्लेस्टेशनचे खाते सक्तीचे करण्याचे योजिले. परंतु प्रखर विरोधामुळे काही दिवसांतच माघार घेतली. पुढे २६ ऑगस्ट २०२५ रोजी हा खेळ एक्सबॉक्सवर आला, आणि त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टचा 'गिअर्स ऑफ वॉर: रिलोडेड' प्लेस्टेशन ५ वर आला. दोन्ही नाकेदार एकाच दिवशी एकमेकांच्या वेशीतून आपला माल घेऊन आत गेले.

६

निन्टेन्डोची वाट ह्या दोघांहून निराळी राहिली. सप्टेंबर २०१८ पासून तिनेही ऑनलाइन खेळासाठी वर्गणी घेतली. परंतु ती वर्षाला २० डॉलर इतकी माफक होती. 'स्प्लॅटून'सारख्या तिच्या खेळांत नवी भर सुमारे दोन वर्षे घालण्यात आली आणि मग ती थांबविण्यात आली. मर्यादित मुदतीची सेवा हे यंत्र विकण्याचे साधन, असा हा हिशेब होता. २०१७ मध्ये आलेल्या स्विचची विक्री २०२५ पर्यंत १५ कोटींवर गेली, ह्यावरून तो हिशेब चुकला असे म्हणता येत नाही. अर्थात् निन्टेन्डोचीही सेवा अमर नाही. ८ एप्रिल २०२४ रोजी तिने ३डीएस आणि वी यू ह्या यंत्रांवरील ऑनलाइन खेळ बंद केले. परंतु त्या यंत्रांवरील बहुतेक खेळ सर्व्हरविनाही चालतात; घरातील वस्तू घरात राहिली.

७

येथे भाषेचा एक प्रश्न उपस्थित होतो. मराठीत 'खेळ' ह्या शब्दाचे दोन अर्थ प्रचलित आहेत. सोंगट्यांचा खेळ हा एक. पट आणि सोंगट्या हाती असल्या की तो केव्हाही मांडता येतो. नाटकाचा खेळ हा दुसरा. तो कंपनी लावील तेव्हा आणि उठवील तोवरच पाहावयास मिळतो. कन्सोलवरील खेळ पहिल्या अर्थाने जन्मास आला आणि दुसऱ्या अर्थाकडे सरकला. मात्र विक्रीची भाषा पहिलीच राहिली. दुकानातील बटणावर 'विकत घ्या' असेच लिहिलेले असते. ही विसंगती केवळ शब्दांची नाही, हे कायद्यानेही मान्य केले आहे. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, ग्राहकास केवळ परवाना मिळत असेल तर तसे स्पष्ट सांगितल्याविना विक्रेत्यास खरेदीचे शब्द वापरता येत नाहीत. ३१ मार्च २०२४ रोजी यूबिसॉफ्टने 'द क्रू' ह्या खेळाचे सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला तो खेळ निरुपयोगी झाला. त्यानंतर उभ्या राहिलेल्या चळवळीच्या युरोपीय नागरिक-अर्जावर जुलै २०२५ पर्यंत १० लाखांहून अधिक सह्या झाल्या.

नाटकाचा खेळ उठला तरी संहिता उरते आणि अभ्यासकास तिचा आधार मिळतो. लाइव्ह सर्व्हिसच्या खेळाची संहिता म्हणजे सर्व्हरवरील प्रणाली. ती ग्राहकाच्या हाती कधीच येत नाही. १५ एप्रिल २०१० रोजी मायक्रोसॉफ्टने मूळ एक्सबॉक्सवरील लाइव्ह सेवा थांबविली, तेव्हा 'हेलो २'चे काही खेळाडू यंत्र बंद न करता, जोडणी न तोडता, मे महिन्यापर्यंत आत टिकून राहिले. एकेकाची जोडणी तुटत गेली आणि अखेर कोणी उरले नाही. २००४ पासून लक्षावधींनी वापरलेल्या त्या सेवेचा शेवट असा झाला. ह्या कालखंडाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या पुढील अभ्यासकास डिस्कवरील खेळ मिळतील. त्या खेळांत जमलेली माणसे आणि त्यांचा व्यवहार मात्र इतरांच्या वर्णनांवरूनच जाणावा लागेल.

तात्पर्य, अखंड उत्पन्नाच्या आशेने कन्सोल-निर्माते सेवेकडे वळले. सेवेस गर्दी लागली, गर्दीने वेशी उघडावयास लावल्या, आणि ज्या यंत्राच्या रक्षणासाठी हे सारे आरंभिले गेले त्याचेच वेगळेपण कमी झाले. ह्या व्यवहारात कोणत्या कंपनीची सरशी झाली ह्याचा निकाल विक्रीच्या आकड्यांवरून लावता येईल. ग्राहकाच्या हातून वस्तू गेली आणि तिच्या जागी मुदत आली, हा बदल मात्र त्या आकड्यांत दिसत नाही. म्हणून त्याची नोंद करणे हे इतिहासाचे काम ठरते.